नारळाने फुटलेली चिलखती गाडी

लोकांच्या हातून कपबशी फुटते, आरसा फुटतो, फार तर शेजाऱ्याची काच. माझ्या हातून चिलखती गाडी फुटली. तीही नारळाने. नारळाला साधी चीर गेली नाही, तो आख्खाच्या आख्खा गाडीच्या पोटात जाऊन पडला, आणि अर्ध्या मढ गावासमोर मी रिकामा हात वर धरून उभा राहिलो, जसा काही बस थांबवतोय. नात विचारते, आजोबा, तुम्ही तरुणपणी काय केलंत? तर मी हेच सांगतो. बाकी सांगण्यासारखं फारसं नाहीच. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, त्यातली पहिली दोनदा. मास्तर म्हणायचे, ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही. खरंय, पण एकदा शिरलं की निघतही नाही. त्या गाडीचं तसंच झालंय.

आम्ही अंधेरीला बैठ्या चाळीत राहायचो. एक खोली, पुढे पडवी, पडवीत बाबांची हत्यारांची पेटी. बाबा गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते ती पेटी घेऊन घरी आले आणि पडवीत बसले. हाताला काम नसलं की बाबा घरातल्या चांगल्या वस्तू दुरुस्त करायचे. पाट चांगला असायचा, त्याला नवे पाय लागायचे. पोळपाट चांगला असायचा, तो रंधून रंधून पुरीएवढा झाला. आई शेवटी ओरडली, "आता माका रंधूक घेतलास तरी चलात, पण माझी विळी तेवढी सोड!" सकाळी जाग यायची ती बाबांच्या पटाशीला धार लावण्याच्या आवाजाने. सर्र सर्र, मधे पाण्याचा थेंब, परत सर्र सर्र. मागे आईचा स्टो फुरफुरत असायचा, त्यावर कुळथाची पिठी रटरटायची, आणि तो वास नाकात भरून घेत मी अर्धा तास झोपेचं सोंग करायचो. आजही गॅसवर काही रटरटलं की मला वाटतं, आता बाबा हाक मारतील, "बाबल्या, ऊठ रे मेल्या, सूर्य इलो डोक्यार."

मग कुणीतरी बाबांना सिनेमाच्या सेटवर नेलं. मढला, खाडीपलीकडे, एका मोठ्या बंगल्याच्या मागे. मलाही बरोबर घेतलं, हात म्हणून. सुतारकामात एक हात लागतो जो फक्त फळी धरतो. त्याला डोकं नसलं तरी चालतं, म्हणून माझी निवड झाली. तेव्हा मला मिशी फुटली होती आणि मी ती रोज रंध्याच्या पात्यात बघायचो.

वेसाव्याच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे जायला पाच मिनिटं लागायची, पण माझ्या आठवणीत ती पाच मिनिटं फार लांबलीत. पाणी शिशासारखं जड आणि चमकणारं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास किनाऱ्यावरून आपल्याला न्यायला यायचा आणि पलीकडे पोचवून द्यायचा. बाबा पेटी मांडीवर घेऊन बसायचे, देवाची मूर्ती घेतल्यासारखे. मी पाण्यात हात सोडायचो. पलीकडे उतरलं की ताडांची सावली, वाळू, चर्चची पांढरी भिंत आणि मग बंगल्यामागची ती उंच शेड. शेडमध्ये एक जुना ट्रक उभा होता, अंग काढून टाकलेला. नुसता सांगाडा, चाकं आणि स्टिअरिंग. सोललेल्या बांगड्यासारखा दिसायचा.

सिनेमा जुन्या काळातल्या लढाईचा होता. दोन महायुद्धांच्या मधला काळ, तिकडे वायव्येचे डोंगर, आणि ते डोंगर म्हणजे मढच्या किनाऱ्यावरचा एक काळा खडक. आर्टवाले साहेब आले, त्यांनी बाबांच्या हातात एक फोटो दिला. धुरकट, समोरून काढलेला. "अशी गाडी पाहिजे. पंधरा दिवस. आणि वर एक लांब तोफ लावा, फोटोत नाहीये पण झकास दिसेल." साहेब गेले. बाबा फोटो उलटा करून बघायला लागले, मागून गाडी कशी दिसते ते मागे असेल असं वाटून. हसू नका, मीही तेच केलं होतं.

तेवढ्यात शेडच्या दारातून एक म्हातारा आत आला. दार एवढं उंच की ट्रक आत गेला होता. पण हा माणूस त्या दारातून डावा खांदा खाली पाडून, मान मोडल्यासारखी तिरकी करून, वाकून आत शिरला आणि मग सरळ झाला. अंगावर बंडी, खाली चट्ट्यापट्ट्याची लुंगी, गळ्यात क्रूस, डोळ्यांत मोतीबिंदूचा निळसर ढग. त्याने बाबांच्या हातातला फोटो घेतला, नाकाला लावला, मग दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं.

"ही टँक नाय," तो म्हणाला. "आर्मर्ड कार हाय. हिला तोफ नसते. आन दार पुढं नाय. डाव्या अंगाला हाय, खाली. वाकून जावं लागतं."

तो इनासमामा. मढचाच, जुन्या ख्रिस्ती घरातला. तरुणपणी गोऱ्यांच्या पलटणीत मिस्त्री होता, तिकडे डोंगरात. म्हणजे तो म्हणायचा. गाव त्याला 'बंडल' म्हणायचं. बंडल इनास. कारण तो पलटणीतून आला तेव्हा त्याची कागदपत्रांची ट्रंक होडीतून खाडीत पडली, आणि त्याच्याकडे उरली नुसती गोष्ट. गोष्ट अशी की मी एका लोखंडी मोटारीत बसायचो, तिच्या डोक्यावर घुमट होता, आतून गादी शिवलेली होती आणि तिच्या अंगातून करंट सोडता यायचा. आता गावाने टँक बघितलेला चित्रात. त्याला साखळीची चाकं, पुढे लांब तोफ. घुमटाची, गादीची आणि करंटची मोटार म्हणजे लोकांना वाटलं, हा पलटणीत भांडी घासायला होता आणि तिथला भुसा इथे विकतोय.

मीही हसलोच होतो. अंधेरीला परत जाताना होडीत मी बाबांना त्याचं वाकणं करून दाखवलं. खांदा खाली, मान तिरकी. होडीवाला एवढा हसला की वल्हं सुटलं. त्या दिवसापासून माझा तो खेळच झाला. सेटवर कुणी कंटाळलं की, बाबल्या, म्हातारा कर! मी करायचो. नकला करायला अक्षर लागत नाही, म्हणून माझं बरं चाललं होतं.

पण बाबा हसले नाहीत. बाबांना त्याचं बोलणं पटत गेलं, कारण त्याला मापं माहीत होती. दुसऱ्या दिवसापासून इनासमामा सकाळीच शेडमध्ये यायचा, लाकडाच्या ओंडक्यावर बसायचा आणि डोळे मिटून सांगायचा. इथून तिथपर्यंत माझा हात आणि वर चार बोटं. बाबा त्याचा हात धरून फळीवर ठेवायचे आणि पेन्सिलने खूण करायचे. अख्खी गाडी अशी म्हाताऱ्याच्या हातावरून मापून काढली. आजही मला वाटतं, त्या गाडीला इनासमामाचीच लांबी-रुंदी होती.

दुपारी त्याची बायको, रोजाबाय, जेवण घेऊन यायची. काटक बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत, तोंड फटकळ. डब्यात बोंबलाचं लालभडक कालवण आणि बहुतेक रोज सणासारखे फुगे. फुगे म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, हलके, आतून पोकळ. तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "तू त्याचं काय ऐकतंस? चाळीस वर्सं मी ऐकते. लग्नात चर्चच्या दारातून हा असा वाकून आत आला. बारा फूट उंच दार! माझा बाप म्हणाला, पोरी, जावई पिऊन आलाय." आणि ती हसली. मीही हसलो आणि तिला माझी नक्कल करून दाखवली. रोजाबायने पदर तोंडाला लावला, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी वळलो तर मागे इनासमामा. त्याला नीट दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं. तो म्हणाला, "खांदा अजून खाली पाड, पोरा. नायतर कान भाजतो."

मला काही कळलं नाही. मला कशाचंच लगेच कळत नाही.

त्याने घुमट कशाला, ते फुग्यावर समजावलं. फुगा हातात धरला. "डोंगरात पठाण वर बसायचा. गोळी खालून नाय, वरून यायची. सपाट टपावर बसली की आत. आता ह्याच्यावर मार." मी बोट मारलं, बोट घसरलं. "बघ. गोळीपण अशीच घसरते." मग तो फुगा मी खाल्ला. त्या पंधरा दिवसांत मी असे किती घुमट खाल्ले त्याला गणती नाही.

तो सांगत जायचा आणि बाबा ठोकत जायचे. पहिल्या मोठ्या लढाईत, म्हणे, कुणातरी श्रीमंताच्या मोटारीला पत्रे मारले आणि झाली लढाईची गाडी. पत्र्याच्या वजनाने मोटार बसली. मग दणकट मोटार घेतली, तिच्यावर जाड पोलाद. घुमटाला चारी बाजूंना चार भोकं, प्रत्येकात गोटीसारखी गोल खोबण, आणि बंदुका दोनच. गरज पडेल त्या भोकात बंदूक हलवायची. बंदुकीच्या नळीभोवती पाण्याचा जाडजूड डबा, कारण गोळ्या सोडून नळी लाल व्हायची. ते पाणी उकळायचं. "त्यात आमी चहा करायचो. तेलाचा वास, पण कडक." उन्हात पोलाद एवढं तापायचं की आतली माणसं पापडासारखी भाजायची, म्हणून आतून अ‍ॅसबेस्टॉसचं अस्तर. आणि करंट खराच होता. कुणी अंगावर चढून आलं तर सोडायचा. हे ऐकल्यापासून मी आमच्या प्लायवुडच्या गाडीला हात लावायच्या आधी चपला घालायचो. बाबांनी बघितलं. म्हणाले, "लाकडात करंट येता काय रे, बाबल्या?" मी म्हटलं, "आपला काय भरवसा?"

"तोफ का नाही पण?" बाबांनी एकदा विचारलं. आर्टवाले साहेब रोज तोफेसाठी बोंबलत होते.

इनासमामाने गाडीच्या पुढच्या फळीवर हात ठेवला. बाहेर ताडाची झावळी भिंतीवर घासत होती. मग म्हणाला, "तिचं काम लढायचं नाय. बघायचं. सगळ्यांच्या पुढं जायचं, डोंगरापलीकडं काय हाय ते बघायचं, आन परत येऊन सांगायचं. न सांगता मेला तर सगळं फुकट." मग हसला. "मी परत आलो. सांगितलं पण. कुणी खरं मानलं नाय. आता बोल."

बाबांनी तोफ लावली नाही. साहेबांना म्हणाले, लाकूड संपलं.

पुढे त्या गाड्यांचं काय झालं तेही त्याने सांगितलं. खालचे अ‍ॅक्सल झिजले, पण वरचं अंग शाबूत, म्हणून अंग उचलून साध्या ट्रकवर चढवलं. बाबांचा हात तिथेच थांबला. ते ट्रकच्या सांगाड्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे आम्ही करतो तेच." मग साखळीच्या छोट्या गाड्या आल्या, वायरलेस आला, असलं पोलाद भोसकणारी जाड बंदूक आली, आणि घोडेस्वारांना घोडे सोडून गाडीत बसावं लागलं. घोडे नेले तेव्हा मोठमोठे मिशावाले रडले, म्हणे. मला त्यातलं काही समजायचं, काही नाही. पण दुपारच्या त्या उन्हात, भुशाच्या वासात, डोळे मिटलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात, मला शेडच्या मागे समुद्र नाही, डोंगर दिसायचे.

घुमट आम्ही बांबूच्या कामट्या, तारेची जाळी, गोणपाट आणि प्लास्टरचा केला. पोलादी पत्रे जोडणाऱ्या रिबिटांसाठी माझं डोकं चाललं. आईच्या डब्यातले वाटाणे आणले, प्लास्टर ओलं असताना रांगेने दाबून बसवले, वरून करडा रंग. दहा पावलांवरून पोलाद! आई म्हणाली, "उसळ खातलास की गाडयेक लावतलास?" त्या रात्रीपासून तीन दिवस आमच्याकडे उसळ नव्हती, आणि चौथ्या दिवशी समुद्राच्या दमट हवेने घुमटावर दोन ठिकाणी रंग फोडून हिरवे कोंब आले. मी ते उपटले नाहीत. मला फार आवडले. इनासमामाच्या हाताला लागले तेव्हा तो दचकला, मग त्याने ते बोटाने अलगद चाचपले.

आतून मात्र गाडी रिकामी. कॅमेरा आत बघणार नव्हता. बंदुका बाहेर दिसतात तेवढ्याच, तुपाच्या डब्यांच्या आणि नळाच्या, खऱ्या गाडीत आत कानाशी येणारं त्यांचं तापलेलं मागचं अंग इथे नव्हतंच. एक अस्तर तेवढं होतं. ते इनासमामाने मागितलं. "कुणाला दिसनार नाय, मला म्हाईत हाय. तरी लाव." बाबांनी गोणपाटावर जुनी रजई ठोकली. आईची, चांगली.

दुपारी जेवून सगळे लवंडले की मी डाव्या बाजूच्या दारातून आत शिरायचो आणि त्या घुमटाखाली पडून राहायचो. चार भोकांतून उजेडाच्या चार काठ्या आत यायच्या, त्यात भुसा तरंगायचा. समुद्राचा आवाज घुमटात शिरून गोल गोल फिरायचा, शंख कानाला लावल्यासारखा. तिथे मला झोप लागायची आणि झोपेत गाडी चालायची. कुठल्यातरी पिवळ्या घाटातून, अगदी हळू, आणि मी सगळ्यांच्या पुढे, बघत. मला आजवर पडलेलं एवढं चांगलं स्वप्न दुसरं नाही. त्या स्वप्नानेच घात केला. पंधरा दिवसांत माझी पक्की खात्री झाली की गाडी लोखंडाची आहे. स्वतः जाळी बांधली, स्वतः वाटाणे चिकटवले, तरीही. एवढा गाढव माणूस तुम्ही बघितला नसेल, म्हणून तर सांगतोय.

गाडी झाली त्याच्या आदल्या दिवशी इनासमामा बाबांना म्हणाला, "मिस्त्री, उद्या रविवार. चर्चातली मिस्सा सुटली की गाव हितनंच जातो. शेडची दारं उघडी टाकशील? एकदा बघू दे. गावाचं सोड. रोजानं बघितलं तरी पुरे. चाळीस वर्सं ती खोट्या माणसाबरोबर राहतेय असं तिला वाटतंय." बाबांनी मान हलवली. होडीत ते पेटीवरून हात फिरवत बसले. धक्क्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "गिरण बंद पडल्यावर माका पण कोण इचारी नाय, तू काय करू शकतंस."

रविवारी मिस्सा सुटल्याची घंटा झाली आणि लोक आले. चांगल्या कपड्यांत, बायका डोक्यावर रुमाल घेऊन. पुढे सिमाव, मासळीच्या बर्फाचं काम करायचा, आडवा माणूस, बंडल हे नाव त्यानेच पाडलेलं. रोजाबाय सगळ्यांच्या मागे उभी राहिली, जसं काही तिचा ह्या सगळ्याशी संबंध नाही. इनासमामाने कोट घातला होता. गाडी उन्हात करडी, गोल, शांत. खरंच, पुढची माणसं दोन पावलं मागे सरली.

बाबांनी चाकापुढे दगड ठेवला, त्यावर कुंकू, आणि माझ्या हातात नारळ दिला. आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही, मग गाव ख्रिस्ती असो नाहीतर गाडी लाकडाची. बाबा हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा! आज ही गाडी उभी ऱ्हवली, तिका कोणाची नजर लागली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!" सेटवरचे सगळे कोकणी ओरडले, "व्हय म्हाराजा!" "आणि ह्या म्हाताऱ्याचो शबूद खरो कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" गर्दीतली दोन-तीन ख्रिस्ती पोरंही ओरडली.

तेव्हा सिमाव जोरात म्हणाला, "पुठ्ठ्याची गाडी, पुठ्ठ्याची गोष्ट!"

लोक हसले. मी इनासमामाकडे बघितलं. त्याचं तोंड आवाजाच्या दिशेने वळलेलं, हसतंय की काय ते कळेना. आणि माझं डोकं फिरलं. पंधरा दिवस ज्याने त्या माणसाची नक्कल करून टाळ्या घेतल्या, त्याचं डोकं फिरलं, हे बघा. मी ओरडलो, "पुठ्ठा? कोण म्हणतो पुठ्ठा? लोखंड आहे लोखंड!" आणि दगड राहिला बाजूला, मी टाच वर करून, सगळ्या अंगाचा जोर लावून, नारळ घुमटावर हाणला.

मधल्या वेळेत मला वाटलंही होतं, ठण्ण असा आवाज होईल.

फस्स असा झाला. नारळ आत. कलिंगडाएवढं भोक. भोकाच्या कडेला गोणपाटाच्या दशा, आणि वाटाण्यांची एक रांग सुटून टपटप बॉनेटवरून घरंगळत खाली आली, एकेक करून, अगदी सावकाश. शेवटचा वाटाणा सिमावच्या पायाशी थांबला. सिमावने तो उचलला, वर धरला. "घ्या! बंडल फुटलं!"

तसलं हसणं मी परत ऐकलं नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. आर्टवाले साहेब कुठूनतरी "अरे वाट लावली माझी!" म्हणत धावत आले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खाली वाकून दगडावरचं कुंकू उगाच सारखं केलं.

इनासमामाने विचारलं, "काय फुटलं?"

मीच म्हणालो, "मामा, घुमट. मी फोडला."

"कुटं?"

"उजवीकडे, वर."

"बरं झालं," तो म्हणाला, "आत लई गरम होतं." मग हात पुढे करून गाडीचं अंग चाचपत चालायला लागला. पुढचं चाक, बॉनेट, डावीकडचं दार. कोट काढून बाबांच्या हातात दिला. मला लाज एवढी वाटत होती की पळायला जागा शोधत मी गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेलो आणि चाकावर चढून त्या भोकामागे तोंड लपवलं. भोकातून आत दिसत होतं. आईची रजई, उजेडाच्या काठ्या, मधे पडलेला नारळ.

इनासमामा आत आला. दारातून गुडघ्यावर, मग अर्धा उभा. आणि मग मी बघितलं. आत काही नव्हतं. मोकळी जागा होती, मी तिथे रोज दुपारी हातपाय पसरून झोपलो होतो. पण त्याने डावा खांदा खाली पाडला, मान तिरकी केली आणि त्या मोकळ्या जागेत कशाच्या तरी खालून अलगद निघून पलीकडे सरळ झाला. कान वाचवून. मग हात वर केला, जिथे काहीच नव्हतं तिथे काहीतरी धरलं, अंगठे बंदुकीचा चाप दाबायच्या जागी ठेवले. पाठ रजईला टेकवली आणि खांद्याने घुमटाला रेटा दिला, बंदूक फिरवायला देतात तसा. आमचा घुमट फिरणारा नव्हता. पण त्याचं अंग फिरलं. डोळे मिटलेले. तो बघत होता.

मी खाली उतरलो आणि गर्दीतून रोजाबायपाशी गेलो. मी तिचा हात धरून ओढला. "काय रं? सोड. अजून काय फोडायचं राहिलंय?" "मावशी, बघ ना. तू बघ फक्त." ती चाकावर चढायला तयार नव्हती, लुगडं, रविवार, लोक. मी खाली ओणवा झालो, ती माझ्या पाठीवर चढली. आयुष्यात माझ्या पाठीचा तेवढाच काय तो उपयोग झाला. तिने भोकातून आत बघितलं.

बराच वेळ तिच्या टाचा माझ्या पाठीत रुतत होत्या. हसणं हळूहळू कमी होत गेलं. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, माझ्यासमोर नुसती वाळू आणि दोन वाटाणे. मग टाचा थोड्या हलल्या. आतून इनासमामाचा आवाज आला, "कोण हाय वर? उजेड आडवला."

"मी हाय," रोजाबाय म्हणाली.

आत तो बाहेर यायला वळला असणार, कारण रजई सरपटल्यासारखा आवाज आला. आणि रोजाबायने भोकात तोंड घालून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, घरात ओरडते तशीच, त्याला दटावलं, "हळू ये! मान खाली घाल. बंदूक हाय तितं, लागंल!"